पाहून टाकलेलं पाऊल

सागरेश्वर अभयारण्यातली चितळं पकडून चांदोलीच्या जंगलात नेऊन सोडायची, म्हणजे तिथल्या वाघाला पुरेसं भक्ष्य मिळेल, असं काम वन विभागानं हाती घेतलं तेव्हा आमच्या घरात त्यावर खूप बोलणं झालं. धाकट्या भावानं मला सरळच विचारलं, "आक्का, तू जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलंस. आपण जैन. मग सांग, ह्याचं पाप कुणाच्या माथी? वाघाच्या, गाडीत भरणाऱ्याच्या, का आपल्या सगळ्यांच्या?"

भाऊ शेती करतो. कृष्णाकाठचं आमचं रान सागरेश्वरच्या डोंगरापासून फार लांब नाही. कुंपणातून बाहेर पडलेला हरणांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं काय करतो, हे त्यानं पाहिलंय. तरी त्याच्या विचारण्यात राग नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, आणि मला वाटतं, सांगली-साताऱ्यात राहणाऱ्या प्रत्येक विचारी माणसाला आज ना उद्या हा प्रश्न पडणार आहे.

त्याला दोन तयार उत्तरं आहेत. एक माझ्या वर्गातलं: निसर्गात पाप-पुण्य नसतं, वाघ हरीण खातो, त्यात विचारायचं काय? दुसरं आमच्या पाठशाळेतलं: जीवदया म्हणजे जीव वाचवणं, त्याला मरणाच्या दारात नेऊन सोडणं ही दया कशी? मी दोन्ही ठिकाणी घडले, दोन्हींवर माझी निष्ठा आहे, आणि दोन्ही उत्तरं मला अपुरी वाटतात. पहिलं वाघाबद्दल खरं आहे. पण चितळ गाडीत भरतो तो माणूस असतो आणि त्याला निवड असते. दुसरं डोळ्यांसमोरच्या चितळापुरतं खरं आहे. पण चितळ एकटं नसतं. त्याच्या पायाखाली गवत असतं, गवताखाली माती असते, आणि त्या सगळ्यांचं काय होतं याचं उत्तर पाठशाळेतल्या त्या वाक्यात नाही.

सागरेश्वर हे माणसांनी उभं केलेलं रान आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा तालुक्यांच्या सांध्यावरचे हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. पायथ्याशी सागरेश्वराची जुनी देवळं, शेजारी यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, आणि वर नुसता धोंडा. मोहित्यांच्या वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं जोडली, शासनाच्या मागे लागले. झाडं लागली, हरणं आणून सोडली गेली, भोवती तारेचं कुंपण आलं. १९८५ साली १०.८७ चौरस किलोमीटरच्या या पट्ट्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. आज तिथं चितळ, सांबर आणि काळवीट नांदतात. दुष्काळी मुलखाच्या कडेला हे घडवून आणणाऱ्यांबद्दल माझ्या मनात फक्त कृतज्ञता आहे.

पण रान उभं करणं ही सुरुवात असते. चितळाची मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते. मात्र तिला ठरावीक विणीचा हंगाम नाही, वर्षभर पाडसं जन्मत राहतात. कळप वाढतो, कुंपण वाढत नाही. कळपाला आवर घालील एवढा शिकारी आत नाही. उन्हाळ्यात अशा बंदिस्त रानात झाडाखाली उभं राहून पाहिलं की एक रेघ दिसते. चितळाची मान पोहोचते तिथवर पाला खुडलेला आणि त्याच्या वर हिरवा. सांबराची मान उंच, म्हणून सांबर असेल तिथं रेघ वर सरकते. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगायचे, आधी ही रेघ पाहा आणि मग गुडघे टेकून तिच्याखाली काय उगवतंय ते शोधा. रेघ जितकी ठळक तितकी खाली रोपं कमी. आज उभी असलेली झाडं उद्या वठतील तेव्हा त्यांच्या जागी यायला कुणी नसेल, हे त्या मोकळ्या जमिनीवर लिहिलेलं असतं.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या कैबाब पठारावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरणांच्या रक्षणासाठी लांडगे आणि प्यूमा मारून काढले गेले. १९२०च्या दशकात हरणं बेसुमार वाढली, पठार खाऊन बसली आणि उपासमारीनं मेली. तिथले नेमके आकडे आणि नेमकी कारणं यांवर पुढे शास्त्रज्ञांत बराच वाद झाला. तरी त्यातून आलेला विचार टिकला. आल्डो लिओपोल्ड या वनाधिकाऱ्यानं तारुण्यात स्वतः लांडगे मारले होते; पुढे त्यानंच लिहिलं की हरणाला जशी लांडग्याची भीती, तशीच डोंगराला हरणांची भीती असते. सागरेश्वरच्या डोंगराकडे पाहताना मला हा विचार नेहमी खरा वाटतो.

बंद कुंपणातली दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. मोजक्या जनावरांपासून वाढलेल्या आणि बाहेरचं रक्त न मिळालेल्या कळपात पिढीगणिक नात्यातल्या नात्यात संबंध होतात. दबून असलेले दोष वर येतात, रोगाला तोंड द्यायची ताकद घटते. १९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन यांनी बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धांत मांडला. बेट जितकं लहान तितक्या तिथल्या जाती लवकर नाहीशा होतात, आणि मुख्य भूमीपासून ते जितकं दूर तितक्या नव्या जाती तिथं कमी पोचतात. चारी बाजूंनी ऊस, द्राक्षबागा आणि ताकारी योजनेचे कालवे असलेलं दहा-अकरा चौरस किलोमीटरचं रान हे असंच एक बेट आहे. म्हणून दयेपोटी घातलेलं कुंपण पुरेशी वर्षं गेली की आतल्या जिवांनाच जाचू लागतं.

आमच्या देवळांत एक शिल्प नेहमी दिसतं. सिंहीण आणि गाय एकाच भांड्यातून पाणी पितात, गायीचं वासरू सिंहिणीकडे आणि सिंहिणीचा छावा गायीकडे. तीर्थंकरांच्या सान्निध्यात वैर विरतं, असं ते दृश्य सांगतं. लहानपणापासून ते डोळ्यांत बसलेलं असल्यामुळे असेल, अभयारण्य म्हटलं की आपल्याला तसंच काहीतरी अपेक्षित असतं: कुणी कुणाला खात नाही, सगळे सुखानं चरतात. पण त्या शिल्पात शांती येते ती आतून येते. कुंपण घालून, वाघ वगळून आलेली शांती वेगळी. ती हरणाच्याही मनातून उगवलेली नाही आणि वाघाच्याही.

इथं मला भगवान महावीरांच्या पूर्वभवाची कथा मोलाची वाटते. ते सिंहाच्या जन्मात असताना आकाशमार्गे जाणारे दोन मुनी खाली उतरले आणि त्यांनी त्याला उपदेश केला. सिंहाला स्वतःची ओळख पटली, त्यानं हिंसा सोडली, आहार सोडला आणि शांतपणे देह ठेवला. आमच्या परंपरेत तिर्यंच पंचेंद्रिय जीवसुद्धा, म्हणजे पाच इंद्रियांचा पशूसुद्धा, व्रत घेऊ शकतो, एवढा मान पशूला दिलेला आहे. पण कथेतला गाभा असा की व्रत सिंहानं घेतलं. कुणी त्याच्यावर ते लादलं नाही, आणि त्यासाठी मोजायची किंमत त्यानंच मोजली. आपण वाघाच्या वतीनं अहिंसेचं व्रत घेऊ शकत नाही. वाघ नसलेलं रान करून त्याला अहिंसक म्हणणं तर त्याहून चुकीचं, कारण त्या व्रताची किंमत चितळाच्या उपाशी पाडसानं आणि न उगवलेल्या रोपानं मोजलेली असते.

डार्विनलाही हा प्रश्न छळत होता. १८६० साली वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्यानं परजीवी गांधिलमाशीचा दाखला दिला. तिची अळी जिवंत सुरवंटाला आतून खात वाढते. कृपाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वरानं जाणूनबुजून हे निर्माण केलं असेल, यावर त्याचा विश्वास बसेना. पाश्चात्त्य जगात या पेचावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. जैन दर्शनात जगाचा कुणी कर्ताच मानलेला नाही, म्हणून त्या रूपात हा पेच आम्हाला पडत नाही. दोष द्यायला निर्माता नाही. उरतो तो मी आणि माझं कर्म. माझ्या मते याचमुळे आमच्यावरची जबाबदारी वाढते. 'देवानं असं का केलं' हा प्रश्न बाजूला होतो आणि 'यात माझा हात किती' एवढाच प्रश्न समोर राहतो.

त्या मापानं भावाचा प्रश्न तपासता येतो. गृहस्थासाठी आमच्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. मारण्याच्या इराद्यानं केलेली ती संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट अशा घरकामात होणारी ती आरंभी. शेती-व्यापारात होणारी ती उद्योगी. स्वतःच्या वा दुसऱ्याच्या रक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. गृहस्थानं संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीच्या तीन जमेल तितक्या कमी करायच्या. त्या तीन निर्दोष आहेत असं शास्त्र म्हणत नाही. त्या टळत नाहीत, म्हणून जपून करा, एवढंच म्हणतं. भगवान ऋषभदेवांनीच लोकांना शेती शिकवली असं आम्ही मानतो, आणि नांगराच्या फाळाखाली जीव मरतात हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे.

भाऊ उसात ट्रायकोकार्ड लावतो. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवलेली बारीक अंडी, आणि त्यांच्या आत वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा माश्या. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाच्या खालच्या अंगाला टाचायच्या, ऊन लागणार नाही अशा. माश्या बाहेर पडतात आणि खोडकिडीची अंडी शोधून त्यांत आपली अंडी घालतात. किडीची अळी जन्मतच नाही. फवारणीत सरसकट सगळे किडे मरायचे, त्यापेक्षा हे बरं, म्हणून त्यानं ते स्वीकारलं. म्हणजे डार्विनला ज्या माशीनं अस्वस्थ केलं तिचीच नातलग आमच्या उसात आम्हीच आणून सोडतो. चितळ वाघाकडे नेणं आणि माशी किडीकडे नेणं यांत फरक नक्की आहे. चितळ पाच इंद्रियांचा, मन असलेला जीव. आमच्या शास्त्रातही त्याच्या हिंसेचा दोष मोठा मानतात. पण कृतीची जात एकच. दोन्हीकडे आपण एका जिवाला दुसऱ्याच्या वाटेवर ठेवतो, कारण तसं न केल्यानं होणारी हानी जास्त असते.

मग काहीच करू नये, हात लावू नये, हा मार्ग निर्मळ नाही का? याचं उत्तर मला कास पठारानं दिलं.

साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे बाराशे मीटर उंचीवर, जांभ्या दगडावर बोटभर माती. वर्षातले बरेच महिने तिथं वाळकं गवत आणि उघडा कातळ. श्रावण-भाद्रपदात मात्र तेरडा, सोनकी, गेंद, कवला, आभाळी यांचे ताटवे पसरतात. पठारावर साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पती नोंदल्या गेल्या आहेत. वायतुऱ्याच्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हटलं त्यांत कास आहे. आमचं दशलक्षण पर्व भाद्रपदात येतं. उपवास, स्वाध्याय आणि क्षमा यांचे दहा दिवस, आणि त्याच दिवसांत कास ऐन बहरात असतं.

तिथं वाकून पाहिलं तर दवबिंदू नावाचं इवलंसं लालसर झाड दिसतं. पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब. किडा बसला की केस हळूहळू त्याच्यावर वळतात. शेजारी निळसर सीतेची आसवं. तिच्या जमिनीखालच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. जांभ्यावरच्या धुपलेल्या मातीत नत्र फार कमी, म्हणून या वनस्पती उत्क्रांतीच्या ओघात जिवांकडून नत्र मिळवायला शिकल्या. आमच्या वर्गवारीत वनस्पती एकेंद्रिय, सर्वांत कमी हिंसेचा आहार. तीच इथं कीटक पचवते. जीवन जिथं जिथं आहे तिथं एकाचं दुसऱ्यावर अवलंबणं आहे, हे मला पुस्तकापेक्षा त्या झाडानं जास्त पटवलं.

पर्यटकांची रीघ लागली तेव्हा कासच्या पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं. पायदळी जाणारी फुलं वाचवायची, हा हेतू चांगलाच होता. पण कुंपणानं गुरंही अडली. कास, एकीव, आटाळी, कुसुंबी अशा भोवतालच्या गावांची गुरं तिथं पिढ्यान्‌पिढ्या चरत होती. चरणं थांबल्यावर उंच गवत माजलं, बुटक्या फुलझाडांना ऊन मिळेना, फुलं घटल्याची तक्रार गावकरी आणि अभ्यासक दोघेही करू लागले. शेवटी कुंपण काढावं लागलं. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञानं १९७८ साली मांडलं होतं की त्रास फार असेल तिथंही विविधता घटते आणि अजिबात नसेल तिथंही. मधल्या मापाचा त्रास असेल तिथं ती सर्वांत जास्त असते. हा सिद्धांत सगळीकडे लागू पडत नाही, त्यावर आक्षेपही आहेत. पण कासच्या गवताला तो नीट लागू पडतो. गुरांच्या तोंडामुळे फुलांना जागा मिळत होती. आपण दूर सारलेली गाय ही फुलांची सोबतीण होती.

यातून मला एवढं कळलं की हात न लावणं हीसुद्धा कृती आहे आणि तिचंही फळ असतं. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात जीव एकमेकांवर उपकार करत जगतात असं म्हटलं आहे. ते वचन आमच्या प्रत्येक मंदिरात, प्रत्येक निमंत्रणपत्रिकेवर असतं. आम्ही ते माणसामाणसांतल्या परोपकाराबद्दल वाचतो. त्याचा खरा पसारा कासला दिसतो. तिथले उपकार करणाऱ्याला ठाऊक नसतात आणि घेणाऱ्यालाही नसतात. कुणीतरी ते अभ्यासून शोधावे लागतात.

आता चांदोली. वारणेच्या खोऱ्यातलं चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सुमारे ११६५ चौरस किलोमीटरचा. नावात वाघ होता. जंगलात वर्षानुवर्षं त्याच्या तुरळक खुणा तेवढ्या. २०१८ साली कॅमेऱ्यात एक वाघ दिसला. डिसेंबर २०२३ मध्ये दुसरा टिपला गेला, जो आधी राधानगरीत नोंदलेला होता. पुढे आणखी आले, सगळे नर. याचं कारण उत्क्रांतीत आहे. वाघाची मादी वयात आल्यावर बहुधा आईच्या मुलखाला लागून आपली हद्द मांडते. नर दूर निघून जातो. जवळच्या नात्यात संबंध होऊ नयेत अशी ती जुनी घडण आहे. म्हणून दक्षिणेकडच्या जंगलांतून सह्याद्रीच्या कण्यानं चालत नर पोचले, माद्या पोचल्या नाहीत. केंद्र सरकारनं ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणायला परवानगी दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची पहिली वाघीण चांदोलीत आणून आधी मोठ्या बंदिस्त आवारात ठेवली गेली. सागरेश्वरची चितळं इथल्या भक्ष्यात भर म्हणून.

या बातमीचा मला आनंद झाला आणि त्याचबरोबर आमच्या आज्जीची आठवण झाली. आज्जी विहिरीचं पाणी दुपदरी जाड कापडातून गाळायची. गाळून झालं की ते कापड उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं हलक्या हातानं धुवायची. ते धुणं बादलीत घेऊन बादली दोरानं पार पाण्यापर्यंत सोडायची आणि तळाशी बांधलेल्या दुसऱ्या दोरीनं ती अलगद कलती करायची. वरून ओतायची नाही. आपटून जीव मरतील. आणि एका विहिरीचे जीव दुसऱ्या विहिरीत कधीच नाहीत, कारण तिथलं पाणी त्यांना मानवणार नाही. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईच्या हातात स्थानिक अनुकूलनाचा सिद्धांत होता: जीव आणि त्याचं पाणी एकमेकांसाठी घडलेले असतात.

ताडोब्याची विहीर वेगळी, कोयनेची वेगळी. ताडोबा म्हणजे साग-बांबूचं कोरडं रान आणि भरपूर चितळ. कोयना-चांदोली म्हणजे पाच हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, दाट सदाहरित-निमसदाहरित झाडी, गवे आणि सांबर. सह्याद्रीत आपण होऊन आलेले नर दक्षिणेकडचे. माद्या पूर्वेच्या. नवं रक्त आल्यानं वंश सुधारतो हेही खरं, आणि फार वेगळ्या मुलखातलं रक्त स्थानिक घडण सैल करू शकतं हेही खरं. चितळ मुळात मोकळ्या कुरणाचं जनावर. घाटमाथ्याच्या ओल्या दाट झाडीत ते किती तगेल? शिवाय सागरेश्वरात पिढ्या काढलेल्या चितळाला वाघाचा वास ओळखीचा नाही. त्याचे बाजूला असलेले डोळे, वळते कान, सावध हाक, अंगावरचे ठिपके, हे सगळं शिकाऱ्यांच्या धाकातच हजारो पिढ्या घडत आलं. आपण ज्या चपळ चितळावर माया करतो त्याला घडवण्यात वाघाचा वाटा आहे. पण त्याचा अर्थ अनभिज्ञ कळप थेट सोडून द्यावा असा नाही. आधी आवारात ठेवणं, थोडेथोडे सोडणं, रोगांची तपासणी करणं, सोडल्यावर किती जगले, किती व्याले हे मोजत राहणं, हे सगळं त्यात आलं.

आणखी एक हिशेब आहे. आज चांदोलीत गवे चरतात ती कुरणं म्हणजे झोळंबीसारख्या गावांची जुनी शेतं. माणसांना तिथून उठवलं गेलं आणि शेतांत गवत आलं. आता तिथंही झुडपं शिरू लागली की कुरण मिटतं, म्हणून ती मोकळी राखावी लागतात. उठलेल्यांपैकी अनेकांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली. माणूस हाही पंचेंद्रिय संज्ञी, म्हणजे मन असलेला, जीव. वाघासाठी हळहळणारी आणि विस्थापितांपाशी गप्प होणारी अहिंसा अर्धीच म्हणायची.

तर मी भावाला दिलेलं उत्तर असं. वाघाच्या माथी पाप नाही. त्याला दुसरा आहार नाही. चितळ नेणाऱ्याच्या आणि नेण्याला संमती देणाऱ्या आपल्या माथी मात्र हिंसेचा वाटा आहे, आणि तो 'निसर्गाचा नियम' म्हणून झटकता येत नाही. ती संकल्पी हिंसा नाही, कारण मारण्याची वासना त्यात नाही. रान उभं करणाऱ्या, कुंपण घालणाऱ्या, धरणं बांधणाऱ्या गृहस्थाच्या पदरी पडलेली ती उद्योगी हिंसा आहे. एकदा रानाचा कारभार हाती घेतला की ती चुकत नाही. कमी-जास्त होते ती सावधपणानं.

हा सावधपणा म्हणजे काय, हे आमच्या मुनींच्या चालण्यात दिसतं. मुनी दिवसाउजेडी, पुढची चार हात जमीन पाहत चालतात. याला ईर्यासमिती म्हणतात. शास्त्र सांगतं की असं पाहून चालणाऱ्याच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तर त्याला हिंसेचा बंध लागत नाही. आणि न पाहता चालणाऱ्याच्या पायाखाली एकही जीव आला नाही तरी तो हिंसक ठरतो, कारण त्याच्या ठायी प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आहे. पर्यावरणशास्त्र आणि उत्क्रांतिशास्त्र हे माझ्या लेखी रानात पाऊल टाकणाऱ्याचं पाहणं आहे. धारणक्षमता (रान किती जनावरं पोसू शकतं ते), बेटांचा सिद्धांत, मधल्या मापाचा त्रास, आप्तसंबंधातले दोष, नरांचं दूर जाणं: हे सगळे सिद्धांत पुढची चार हात जमीन दाखवतात. त्यापलीकडचं दाखवत नाहीत, म्हणून दर पावलाला पुन्हा पाहायचं. विज्ञान काय होईल ते सांगतं. काय व्हावं ते धर्म सांगतो. धर्माला विज्ञानाचे डोळे नसले तर दया सागरेश्वरच्या कुंपणात अडकते. विज्ञानाला धर्माचं मन नसलं तर चितळ नुसतं वाघाचं खाद्य म्हणून मोजलं जातं, त्याच्या भीतीचा आणि गाडीतल्या तडफडीचा विचार कुणी करत नाही.

म्हणून आमच्या समाजापुढे माझं एक स्पष्ट मागणं आहे. दशलक्षणात आपण जीवदयेसाठी वर्गणी काढतो. ती पांजरपोळातल्या भाकड गुरांच्या चाऱ्याला जाते, कबुतरांच्या दाण्याला जाते. गुरांचा चारा थांबवू नये. पण त्या निधीतला एक हिस्सा हरणांनी खाल्लेल्या हरभऱ्याची भरपाई हातात पडेपर्यंत शेतकऱ्याला आधार म्हणून द्यावा. एक हिस्सा चांदोली ते राधानगरी वाटेवरची खासगी रानं तुटू नयेत यासाठी लावावा, म्हणजे पुढच्या वाघिणीला गाडीतून यावं लागणार नाही. एक हिस्सा सागरेश्वरात उन्हाळ्यात ती पाल्याची रेघ मोजायला, तिच्याखालची रोपं मोजायला जाणाऱ्या मुलामुलींना द्यावा. समोरच्या जिवाला घास देणं सोपं असतं आणि त्याचं पुण्य लगेच वाटतं. ज्याच्यावर असंख्य घास अवलंबून आहेत ते नातं राखणं अवघड, त्याला अभ्यास लागतो, आणि त्याचं फळ आपल्या हयातीत दिसेलच असं नाही. अहिंसा हा परमधर्म आहे असं आपण म्हणतो. मग त्याचा अभ्यासही तेवढ्याच कष्टानं करायला हवा.